चकवा लागतो तेव्हा: जंगलात दिशा का हरवते आणि वाट परत कशी धरायची

खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकरला चढताना मध्ये एक पदर लागतो. शिड्यांचा कातळटप्पा खाली राहिलेला, माथ्याचा कडा अजून वर, आणि दोन्हींच्या मध्ये दाट झाडीची आडवी पट्टी. पावसाळ्यात या पट्टीवर ढग उतरला की दहा पावलांवरचं झाड दिसेनासं होतं. अशाच एका जुलैत आम्ही चौघे तिथे दीड तास फिरत होतो. वाटेत एका जांभळाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड दिसला. नमस्कार केला, पुढे गेलो. अर्ध्या तासाने त्याच झाडाजवळून पुन्हा गेलो, पण मागच्या अंगाने. दगड पलीकडच्या बाजूला होता, त्यामुळे झाड ओळखलं नाही. तिसऱ्या वेळी माझा पाय घसरला, आधारासाठी खाली हात टेकला आणि वर उचलला तर तळवा केशरी झाला होता.

आम्ही सरळ चालत होतो. चौघांनीही तसं शपथेवर सांगितलं असतं.

गावाकडे याला चकवा म्हणतात. रानात माणसाला चकवा लागतो, तो रात्रभर त्याच त्या जागी फिरतो आणि उजाडल्यावर बघतो तर गाव हाकेच्या अंतरावर. माझी आजी या गोष्टी सांगायची तेव्हा शेवटी एक उपायही सांगायची: चकवा लागला असं वाटलं की आहेस तिथं बस, देवाचं नाव घे, पाणी पी, आणि उजाडेपर्यंत उठू नकोस. लहानपणी ती मला भुताची गोष्ट वाटायची. आज मला तो वाट चुकलेल्या माणसासाठीचा सगळ्यात शहाणा सल्ला वाटतो. तो का, हे समजलं तरच पुढच्या पायऱ्या ऐन वेळी आठवतील, म्हणून आधी कारणं.

सरळ चालता येतं, हा आपला समज

२००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. नैर्ऋत्य जर्मनीतल्या बीनवाल्ड या सपाट जंगलात ६ जणांना सोडलं, अंगावर जीपीएस लावलं आणि काही तास एकाच दिशेने सरळ चालायला सांगितलं. दोघे ऊन असताना चालले, ते जवळजवळ सरळ गेले. चौघे ढगाळ दिवशी चालले आणि चौघेही गोल फिरले. त्यांतल्या तिघांनी स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. ट्युनिशियाच्या वाळवंटात एक जण रात्री पौर्णिमेच्या चांदण्यात चालत होता. चंद्र ढगाआड जाईपर्यंत तो सरळ होता, मग वळत वळत आल्या दिशेलाच फिरला. डोळ्यांवर पट्टी बांधून मोकळ्या मैदानात चालायला लावलं तेव्हा तर काहींची वर्तुळं २० मीटर व्यासाहूनही लहान झाली.

एक पाय लांब, एक आखूड, म्हणून माणूस एका बाजूला वळतो, ही समजूत आपल्याकडेही आहे. या प्रयोगात ती टिकली नाही. तोच माणूस एकदा डावीकडे वळत होता, एकदा उजवीकडे.

मग होतं काय? आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वळण कळतं. पण वळण अगदी हळू असेल तर या नळ्यांना ते जाणवतच नाही. प्रत्येक पावलाला बारीक चूक होते, ती पुढच्या चुकीत मिळते, आणि ‘समोर’ म्हणजे कुठे याची आपली कल्पनाच हळूहळू फिरते. पाय त्या फिरलेल्या ‘समोर’कडे इमानाने चालत राहतात. एरवी हे लक्षात येत नाही, कारण डोळे ती चूक सतत दुरुस्त करत असतात: लांबचा डोंगर, सूर्य, देवळाचा कळस. दाट झाडीत आणि ढगात नेमकं हेच काढून घेतलं जातं.

मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. अंतराचं जाळं आखणाऱ्या पेशी पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना सापडल्या. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे आपल्या डोक्यात नकाशा असतो, हे खरं. पण तो नकाशा बाहेरच्या खुणांवर सतत ताळून घ्यावा लागतो. खुणा नसल्या की तो सरकतो, आणि सरकलेला नकाशाही आपल्याला तितकाच खरा वाटतो.

सह्याद्री वेगळ्या तऱ्हेने फसवतो

बीनवाल्ड सपाट आहे. आपल्याकडे जमीनच वाट वाकवते.

पहिलं म्हणजे कारवी. पुरुषभर उंचीची, दाट, सगळीकडे सारखी. तिच्यातून चालताना दर दोन पावलांनी बाजूला व्हावं लागतं आणि तितकंच परत यायचं राहून जातं. दुसरा, उतार. डोंगराला आडवं चालताना पाय नकळत खालच्या बाजूची सोपी जागा शोधतात. अर्ध्या तासात आपण वाटेच्या बऱ्याच खाली आलेलो असतो आणि ‘आडवंच तर चाललोय’ असं म्हणत असतो.

तिसऱ्या ढोरवाटा. घाटातली निम्मी चकवाचकवी यांची असते. ढोरवाट मळलेली असते, माणसाच्या वाटेपेक्षाही रुंद असू शकते, पण ती गवताकडे किंवा पाण्याकडे जाते आणि तिथे संपते. ओळखायची कशी? वर बघा. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीवरच्या फांद्या कोयत्याने तोडलेल्या असतात, कारण डोक्यावर मोळी घेऊन बाया त्याच वाटेने येतात. ढोरवाटेवर फांद्या छातीशी येतात, सारखं वाकावं लागतं. शेण, एकमेकींना समांतर जाणाऱ्या आणि परत मिळणाऱ्या तीन-चार पायवाटा, ही दुसरी खूण. सलग पाच मिनिटं वाकून चालत असाल तर तुम्ही माणसाच्या वाटेवर नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात घातक, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जाताना एखादी वाट मागच्या बाजूने तिरकी येऊन आपल्या वाटेला मिळते. आपल्याला ती दिसतही नाही, कारण आपण पुढे बघत असतो. परतताना त्याच जागी दोन वाटा समोर फुटतात. जाताना तिथे फाटा नव्हताच, मग आठवणार काय? आल्या वाटेने परतणारी माणसं वाट चुकतात ती बहुतेक अशाच जागी.

निघण्याआधी: तीन रेघा पाठ करा

पूर्ण नकाशा डोक्यात मावत नाही. तीन मोठ्या रेघा मावतात. कडा कुठल्या बाजूला, रस्ता किंवा गाव कुठल्या बाजूला, आणि मोठी नदी किंवा ओढा कुठल्या बाजूला. शिडी घाटाच्या पदरासाठी माझं वाक्य असं: चढ आणि माथा पूर्वेला, उतार आणि कोकण पश्चिमेला, पदर स्वतः उत्तर-दक्षिण. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणा, बरोबरच्या प्रत्येकाकडून म्हणवून घ्या. ढगात अडकल्यावर ‘आपण कुठे आहोत’ याचं उत्तर मिळत नाही, पण ‘कुठल्या बाजूला जायचं नाही’ याचं उत्तर या वाक्यात असतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा मिळाला तर घ्या. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. उंचीच्या रेषा २० मीटरच्या अंतराने असतात, त्या एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे असं समजा.

फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, नकाशा दिसायला मात्र तो फोनमध्ये असावा लागतो. एअरप्लेन मोडवर टाकलात तरी बहुतेक फोनचं जीपीएस चालू राहतं आणि बॅटरी कितीतरी पट टिकते. कड्याखाली आणि दाट झाडीत ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो, तेव्हा एका क्षणाच्या ठिपक्यावर भरवसा ठेवू नका. मोकळ्यावर येऊन दोन मिनिटं थांबा. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, म्हणून प्लास्टिकची पिशवी आणि एक कोरडा रुमाल हवाच.

घरी किंवा गावात एका माणसाला सांगून ठेवा: कुठल्या वाटेने जातोय, कुठल्या वाटेने येतोय, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला लागायचं. हे सांगायला एक मिनिट लागतं. शोधणाऱ्यांना मात्र त्यामुळे सगळा डोंगर पालथा घालावा लागत नाही.

शक्य असेल तेव्हा वाटाड्या घ्या आणि त्याच्या दिवसाचे नीट पैसे द्या. या घाटांत महादेव कोळी आणि ठाकर माणसं पिढ्यान् पिढ्या चालताहेत. नुसती वाट विचारायची असेल तरी ‘मामा, हीच ना वाट भीमाशंकरची?’ असं विचारू नका. भल्या मनाने समोरचा ‘हो’ म्हणतो. ‘मामा, ही वाट कुठं जाते?’ असं विचारा, म्हणजे उत्तर त्यांच्याकडून येतं. आणि ‘पुढं फाटा कुठं लागतो, खूण काय?’ हे विचारल्याशिवाय उठू नका. ‘त्या आंब्यापासनं वरच्या अंगाला राहा’ यासारखी खूण कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

चालताना: मागे वळून बघा

एकच सवय लावायची असेल तर ही लावा. दर दहा मिनिटांनी, आणि प्रत्येक फाट्यावर, ओढ्याच्या प्रत्येक ओलांडीवर, झाडीतून मोकळ्यावर येताना थांबा, पूर्ण वळा आणि परतताना ही जागा कशी दिसेल ते बघा. फोटो काढायचा तर मागच्या दिशेचा काढा. त्या शेंदराच्या दगडाला आम्ही पुढून नमस्कार केला आणि मागून झाड पाहिलं नाही, म्हणूनच ते आम्हाला दोनदा नवीन वाटलं.

वाटांच्या मिळणीवर, म्हणजे जिथे मागून दुसरी वाट येऊन मिळते तिथे, चुकीच्या वाटेवर आडवी वाळकी फांदी टाका. परतताना ती काढून टाका, कारण कुणाची तरी ती बरोबर वाट असू शकते.

घड्याळ बघत चला. ‘ओढा ओलांडला ९:४०, फाटा १०:०५’ एवढं कागदावर पुरे. नंतर शेवटची खात्रीची जागा किती मिनिटं मागे आहे हे कळलं, तर शोधायचं क्षेत्र एकदम लहान होतं.

शरीराच्या बाकीच्या खुणाही जागत्या ठेवा: चढ कुठल्या हाताला आहे, ओढ्याचा आवाज कुठून येतो, वारा कुठल्या गालावर लागतो. वारा फिरतो, पण चढ फिरत नाही. चढ उजव्या हाताला असायला हवा आणि तो डाव्या हाताला आला असेल, तर कितीही खात्री वाटत असली तरी तुम्ही उलटे निघाला आहात.

गटात सगळे पुढच्याच्या टाचेकडे बघत चालतात. चौघे असलो तरी वाट एकच जण बघत असतो. म्हणून शेवटच्या माणसाला एक काम द्या: वाट पटली नाही की ओरडून थांबवायचं, आणि त्याने थांबवलं की कुणीही वाद न घालता थांबायचं.

शंका आली की

शंका पहिल्यांदा येते तेव्हा आपण बहुधा पाच-दहा मिनिटंच चुकलेलो असतो. तिथून परतणं सोपं असतं. पण नेमकं तेव्हाच मन जमिनीला आपल्या समजुतीत बसवायला लागतं: ओढा डावीकडे हवा होता, उजवीकडे आहे, म्हणजे हा दुसरा असेल, पुढे लागेलच वाट. मनात ‘असेल’ हा शब्द दोनदा आला की तोच इशारा समजा. त्यातच भीती चढते, पाय वेग घेतात, आणि वेगात माणूस मागे बघत नाही.

तेव्हा आजी सांगायची तेच करा. बसा. सॅक काढा, पाणी प्या, काहीतरी खा. घड्याळ बघून १५ मिनिटं उठायचं नाही असं ठरवा. ढग पावसाळ्यात बरेचदा क्षणभर फाटतो आणि कड्याची एक कडा दाखवून मिटतो. चालत असाल तर तो क्षण हुकतो. या वेळात प्रत्येकाने वेगळं, दुसऱ्याचं न ऐकता, शेवटची खात्रीची जागा सांगायची. उत्तरं जुळली नाहीत तर सगळ्यात जुनी जागा धरा.

आल्या वाटेवर आपली पावलं दिसत असतील तर त्यांवरून परत जा. दिसत नसतील तर बसल्या जागेला खुंटा समजा. तिथे उंचावर भडक ओढणी किंवा सॅकचं कव्हर बांधा. एक माणूस खुंट्यावर थांबेल, दुसरा एका दिशेला जाईल: ५० पावलं, किंवा हाक ऐकू येईल तितकं, आणि रिकाम्या हाताने असला तरी परत खुंट्यावर येईल. मग पुढची दिशा. चारही बाजू झाल्या की अंतर १०० पावलांवर न्या. हळू वाटतं, पण दाव्याला बांधलेली गाय हरवत नाही. त्या दिवशी आम्हाला वाट मिळाली ती अशीच, जांभळाच्या खुंट्यापासून दुसऱ्या फेरीत, साधारण ७० पावलांवर. दीड तास ती तिथेच होती.

झाडीतून सरळ जावंच लागलं तर तीन झाडांची रेघ धरा. समोर एका ओळीत येणारी दोन झाडं निवडा, पहिल्याशी पोहोचण्याआधी दुसऱ्याच्या मागचं तिसरं त्याच ओळीत ठरवा. होकायंत्र असेल तर ते फोनपासून आणि धातूच्या काठीपासून लांब धरा, आणि काळ्या कातळावर ठेवू नका. बेसॉल्टमधल्या लोहखनिजाने काटा हलू शकतो. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इतका किरकोळ आहे की वेगळी वजाबाकी करत बसायची गरज नाही.

ओढ्याच्या नादी लागू नका

‘वाट हरवली तर पाण्याबरोबर खाली जा, गाव लागेल.’ दुसऱ्या मुलुखात हे खरं असेलही. सह्याद्रीच्या कोकणाकडच्या अंगाला हा सल्ला जीव घेऊ शकतो. हे डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झाले आहेत. कठीण थर उभा कडा होतो, मऊ थर झिजून पदर होतो. पदरावरचा निवांत ओढा पुढच्या कड्याशी पोहोचला की धबधबा होऊन कोसळतो. त्याआधी पुरुष-दोन पुरुष उंचीच्या शेवाळलेल्या पायऱ्या लागतात. त्या घसरत उतरता येतात, परत चढता येत नाहीत. वर जाता येत नाही, खाली धबधबा, अशा जागी माणसं अडकतात.

एक नियम पाळा: जे परत चढता येणार नाही ते उतरायचं नाही. घाटमाथ्याच्या पूर्वेकडे, देशाकडच्या अंगाला उतार सौम्य होत जातो, तिथे ओढ्याच्या काठाकाठाने शेतापर्यंत पोहोचता येतं. पण तुम्ही कुठल्या अंगाला आहात हे नक्की माहीत असेल तरच.

सूर्य, शेवाळ आणि तारे

शेवाळ झाडाच्या उत्तरेला उगवतं हे विसरून जा. आपल्या पावसात ते चारही बाजूंनी उगवतं.

घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण काढायची युक्ती थंड देशांतली आहे, तिथे दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि मधल्या अडीच महिन्यांत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन पावसाळ्याच्या सुरुवातीला ही युक्ती उलट दिशा दाखवू शकते. त्यापेक्षा काठी रोवा, सावलीच्या टोकाशी खडा ठेवा, २० मिनिटांनी पुन्हा ठेवा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. सकाळ-संध्याकाळपेक्षा दुपारच्या आसपास हे जास्त बरोबर येतं. उगवतीवर दिशा ठरवताना लक्षात ठेवा, की डिसेंबरच्या शेवटी सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि जूनच्या शेवटी तितकाच उत्तरेला.

रात्री ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून साधारण एक वीतच वर असतो, हात लांब करून वीत धरली तर. डोंगराआड तो सहज लपतो. हिवाळ्यात मृग नक्षत्रातला तीन ताऱ्यांचा बाण जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. हे सकाळसाठी दिशा ठरवून ठेवायला. रात्री चालायचं नाही.

मुक्काम करावा लागला तर

आपल्याकडे संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो आणि झाडीत अंधार त्याच्याही आधी होतो. सूर्यास्ताच्या दीड-दोन तास आधी वाट सापडली नसेल तर शोध थांबवा आणि उजेड आहे तोवर जागा बघा. ओढ्यापासून आणि कड्याच्या धारेपासून लांब, घळीच्या तोंडाशी नाही, वाळकं झाड किंवा सुटे दगड डोक्यावर नसतील अशी. पावसात भिजून वाऱ्यात बसलेला माणूस ऑगस्टमध्येही गारठ्याने आजारी पडू शकतो, म्हणून कोरडा कपडा अंगाला लावा, खाली सॅक किंवा पाला घाला, एकमेकांना चिकटून बसा. उन्हाळ्यात वाळलेल्या रानात जाळ करू नका.

११२ लावून बघा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर हा फोन लागू शकतो. बोलायला मिळालं तर आधी फोनवरचे अक्षांश-रेखांश सांगा, मग किती जण, कुणाला लागलंय का. आणि मग तिथून हलू नका.

शिट्टी जवळ हवी. हाका मारून घसा तासाभरात बसतो. मिनिटाला ६ शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, पुन्हा ६. डोंगरात मदत मागायची ही ठरलेली खूण आहे, बॅटरीच्या उजेडानेही ती देता येते. पलीकडून मिनिटाला ३ वेळा उत्तर आलं की समजायचं, ऐकलं गेलंय. उत्तर आल्यावर त्या आवाजाकडे धावू नका. मध्ये कडा असू शकतो. तुम्ही वाजवत राहा, त्यांना येऊ द्या.

वाट सापडून गावात पोहोचलात की चहाच्या आधी फोन करा, ज्या माणसाला वेळ सांगून निघाला होता त्याला. तुम्ही खाली येऊन बसलेले आणि चार माणसं बॅटऱ्या घेऊन पदरावर शिरलेली, असं व्हायला नको. आणि ज्या मामांनी वाट सांगितली होती त्यांना भेटून नेमके कुठे चुकलात ते सांगा. आम्ही सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘जांभळापाशी ना? तिथं सगळीच चुकतात.’ पुढच्या रविवारी गेलो तेव्हा त्या फाट्यावर त्यांनी दगडांची उतरंड रचून ठेवली होती.